बाईंची गादी

बदलीचा आदेश आला की आमच्यातले बाकीचे शिक्षक कुणाची तरी ओळख शोधायला धावत. बाई मात्र व्हरांड्यातून पटांगणात उतरत आणि वर ऊन बघत. ऊन कडक असलं की त्यांना बदली मंजूर असायची. आभाळ आलेलं असलं तर त्या परत येऊन मुख्याध्यापकांना सांगत, "सर, माझी गादी वाळल्याबिगर मी हालत न्हाई. वर कळवा तसं." मुख्याध्यापक वर काय कळवायचे देव जाणे, पण बाई गादी वाळवूनच निघत.

त्यांना सगळं गाव बाईच म्हणायचं. बाकी आम्ही सगळ्या मॅडम. चुकून कुणी त्यांना मॅडम म्हटलं तर त्या मागे वळून बघायच्या, कोण आलंय म्हणून. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत आणि घंटा झाली की तिथल्या तिथे परभणीच्या बोलीवर उतरत. भांडायचं असेल तर वर्गातसुद्धा.

झरीला मी नवीन लागले तेव्हा त्यांची नोकरी संपत आली होती. एका घराच्या वरच्या मजल्यावर आमच्या शेजारशेजारच्या खोल्या होत्या आणि पुढे दोघींची मिळून एक गच्ची. बाईंच्या खोलीत सामान म्हणावं असं फारसं काही नव्हतं. एक पत्र्याची पेटी, शेगडी, थोडी भांडी, पुस्तकांचा ढीग आणि ती गादी. चांगली दोन माणसांची, भरगच्च कापसाची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. विटांवर फळ्या टाकून त्यावर ती अंथरलेली असे आणि तिच्यापायी खोलीचं दार पुरतं उघडत नसे. बाईंकडे जायचं म्हणजे अंग चोरून आत शिरायचं. मी एकदा म्हटलं, "बाई, एकट्या जिवाला सिंगल गादी पुरे की. खोली तरी मोकळी होईल."

"एकटी हाय म्हनून कडंला झोपू का?" बाई म्हणाल्या. "मी मधोमध झोपते."

त्या गादीवर कुणालाही बसू देत नसत. पाहुणा आला की पत्र्याच्या पेटीवर. केंद्रप्रमुख आले तेही पेटीवरच बसले, आणि त्यांच्या पँटला पेटीची कडी अडकली तेव्हा बाईंनी हसूसुद्धा दाबलं नाही. मी शेजारीण, रोजचं येणं-जाणं, तरी मलाही पेटीच. मला त्याचा रागच यायचा. असं काय सोनं भरलंय त्या गादीत, असं मी मनात म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी गादी गच्चीवर बाजेवर पसरली जायची आणि बाई पदर खोचून, हातात वेताची काठी घेऊन उभ्या राहायच्या. मग तो कार्यक्रम सुरू व्हायचा. प्रत्येक फटक्याला एक नाव. "ह्यो केंद्रप्रमुखाला." धप्प. "ह्यो त्या खिचडीतलं तेल घरी नेनाऱ्याला." धप्प. "ह्यो माझ्या मोठ्या दिराला." हा फटका जरा जास्तच जोरात बसायचा आणि धूळ समोरच्या घरापर्यंत जायची. खाली गल्लीत बायका कपडे धुता धुता हात थांबवून ऐकत. आज आपल्या घरचं कुणी आहे का, एवढंच त्यांना हवं असायचं. एकदा माझंही नाव आलं. आदल्या दिवशी मी त्यांच्या चहात न विचारता साखर टाकली होती.

झरीहून त्यांची बदली चुडाव्याला झाली. नोकरीच्या शेवटी शेवटी एवढं लांब टाकलं म्हणून आम्ही सगळे हळहळलो. शाळेच्या धान्याच्या पोत्यांवरून त्या भर बैठकीत सरपंचाला नको ते बोलल्या होत्या, हे त्यामागचं कारण सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "बाई, एकदा जाऊन गोड बोला ना त्यांच्याशी. थांबेल बदली."

"गोड बोलायला मी काय गुळाचं दुकान टाकलंय?" त्या म्हणाल्या. "चल, गादी उचलू लाग."

गादी कशी न्यायची हे मी त्या दिवशी शिकले. आधी सकाळपासून ऊन. दोन्ही बाजूंनी. मग काढून सरळ गुंडाळायची नाही, सावलीत थंड होऊ द्यायची. "गरम गुंडाळली की आत घाम धरती," बाई म्हणाल्या. "मंग नव्या घरी गेल्यावर वर्षभर कुबट वास घेत बसा." मी आपली घडी घालायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली. "घडी न्हाई! घडी पडली की तिथं कापूस तुटतो. मंग जल्मभर त्या खड्ड्यात कंबर." त्यांनी जुनी सतरंजी घट्ट गुंडाळून तिचा एक लोड केला, तो गादीच्या एका टोकाला ठेवला आणि त्याच्याभोवती गादी गुंडाळत नेली. पोटात सतरंजी असल्यामुळे गादी कुठे मोडत नव्हती. मध्ये मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. मग वरून जुनं लुगडं, आणि ते दाभणानं सुतळीचे टाके घालून शिवून टाकायचं. दोरी बांधायची ती सरळ कापडावर नाही, दोरीखाली चिंधीची पट्टी द्यायची, म्हणजे दोरी गादीला काचत नाही. शेवटचा टाका झाला की उरलेल्या सुतळीसकट दाभण तिथेच कोपऱ्यात खोचून ठेवायचं.

"ते कशाला?" मी विचारलं.

"सोडताना कामाला येतं. आन् पुढच्या बदलीला शोधत बसावं लागत न्हाई."

प्लास्टिक आणू का म्हटलं तर म्हणाल्या, "टेम्पोत खाली टाक. तिच्या अंगाला न्हाई लावायचं, गुदमरती." टेम्पोत ती सगळ्यात शेवटी चढायची आणि सगळ्यात आधी उतरायची. तिच्यावर काही ठेवायचं नाही, तिच्यावर कुणी बसायचं नाही, तिला ओढायचं तर नाहीच. सामान चढवणारा हमाल दमून तिच्यावर टेकायला गेला तेव्हा बाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो पुढे उभाच राहिला.

गादी जिन्यावरून खाली नेत होतो तेव्हा आमची घरमालकीण मला बाजूला ओढून कुजबुजली, "एवढा जीव कामून लावायली म्हाईत हाय का? नवरा गेला तिचा या गादीवर. मेल्या मानसाचं अंथरूण मसनात टाकावं लागतंय. ही बया त्याच्यावर झोपती."

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या तिरडीमागोमाग त्याचं अंथरूण-पांघरूण गावाबाहेर जातं. माझ्या आजोबांची गोधडी नदीच्या काठावर बाभळीला अडकून कितीतरी दिवस फडफडत होती आणि शाळेत जाताना मी तिकडे बघायचं टाळायचे. पण अंगावर काटा आला तरी डोळेही भरून आले. टेम्पोच्या केबिनमध्ये मी बाईंच्या शेजारी बसले होते. सुट्ट्या लागल्या होत्या, त्यांना पोचवून यायचं मी ठरवलं होतं. झरी मागे पडल्यावर मी हळूच म्हटलं, "बाई, तुमचं फार प्रेम असेल ना त्यांच्यावर?"

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी फळ्यावर शुद्धलेखन चुकले होते.

"प्रेम? कशाचं प्रेम? धड दोन शब्द बोलला न्हाई त्यो मानूस माझ्यासंगं. मानवतच्या मोंढ्यात आडत्याकडं मुनीम व्हता. घरी आला की शर्ट काढायचा आन् भाऊ काय म्हनला ते सांगायचा. मंग लकवा झाला. किती तरी दिवस पडून व्हता. मी शाळा करून त्याची कूस बदलली, पाठ पुसली. पाठीला एक फोड येऊ दिला न्हाई. डॉक्टर म्हनला, बाई, असं कुनी करत न्हाई. ती माझी मेहनत व्हती. आन् गादी माझ्या बापाची. आमच्या रानातला कापूस, बापानं सवता येचून, पिंजाऱ्याला घरी बसवून भरून घेतली. पोरीच्या पाठीला टोचाय नको म्हनला."

टेम्पोवाला कान देऊन ऐकत होता. बाईंना त्याची फिकीर नव्हती.

"त्यो गेला त्या दिवशी दीर आले गादी उचलायला. आन् मोठी जाऊ म्हनती, आता तुला गादी कशाला गं? पोत्यावर पड. तिथं डोकं फिरलं माझं. म्हनलं, मानूस घरात मेला तर घर कुठं टाकता? सोन्याच्या पाटल्या घालून बाई मेली तर पाटल्या कुठं टाकता? टाकाय तुमाला गादीच सापडली व्हय? मी गादीवर बसले. उचला म्हनलं माझ्यासगटच. घरात मढं, आन् मी गादीवर. कोन हात लावतंय?"

"मग?"

"मंग काय. सुतकात सगळे खाली झोपले, मी गादीवर. दिवस झाले, तसं मोंढ्यातून भर बाजाराच्या दिवशी गाडीत घालून गादी काढली. लुगडं नव्हतं टाकलं वरून तवा. म्हनलं, बघू द्या."

मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला. त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या आणि आम्ही चुडाव्यापर्यंत शेंगा फोडत बसलो.

चुडाव्यात घर ठरलेलं होतं, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरमालक बिचारा चांगला माणूस. त्याचा म्हातारा बाप दारातल्या लिंबाखाली बाजेवर पडलेला असायचा, एके काळचा रेल्वेचा गँगमन. आम्ही पोचलो, रिवाजाप्रमाणे गादी आधी उतरली आणि लिंबाखाली उभी राहिली. टेम्पोवाल्याला घरमालकिणीनं चहा दिला आणि त्या मेल्यानं चहाबरोबर सगळी हकीकत तिच्या पदरात घातली. ती आत गेली, नवऱ्याला आत बोलावलं, आणि तो बाहेर आला तो चप्पल घालून, हात जोडूनच.

"बाई, राग मानू नका. बाकी सामान आना आत. तेवढी गादी बाहीर टाका. घरात सून गरवार हाय."

"मी गादीसगट भाड्यानं घर घेतलंय," बाई म्हणाल्या.

"तसं न्हाई जमायचं, बाई."

टेम्पोवाल्याला पुढचं भाडं होतं. त्यानं भराभर पेटी, शेगडी, पुस्तकं रस्त्यावर उतरवली आणि निघून गेला. मे महिन्याचं ऊन, अनोळखी गाव, रस्त्यावर संसार. मी घाबरले होते. मी बाईंना म्हणणार होते की एवढी एक गादी सोडा, मी तुम्हाला नवी घेऊन देते. बरं झालं बोलले नाही.

बाईंनी कोपऱ्यातलं दाभण काढलं आणि उभ्या उभ्या टाके उसवायला सुरुवात केली. लुगडं बाजूला झालं. रस्त्याच्या कडेला गादी उलगडली, पोटातली सतरंजी बाहेर आली. ती त्यांनी आधी खाली अंथरली, हातानं सपाट केली आणि वर गादी पसरली. कडुनिंबाचा पाला झटकला. चपला काढून बाजूला नीट ठेवल्या आणि गादीवर जाऊन बसल्या. मधोमध, मांडी घालून.

गाव जमायला वेळ लागला नाही. स्टेशनावरून उतरलेली माणसंही थांबली. बाईंनी मला हाक मारली, "उभी काय ऱ्हायलीस? बस."

ज्या गादीवर मला कधी टेकू दिलं नव्हतं तिच्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले, भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर. ती इतकी मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. लाज वाटायला हवी होती, पण मला एकदम भूक लागली. आम्ही उरलेल्या शेंगा काढल्या.

घरमालक गयावया करत होता. कुणी म्हणत होतं सरपंचाला बोलवा, कुणी म्हणत होतं बाईला वेड लागलंय. बाई म्हणाल्या, "मला शाळा उघडेपर्यंत टाइम हाय. पोरांना इथंच शिकवीन. जागा मोकळी हाय."

तेवढ्यात बाजेवरचा म्हातारा खोकला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, कारण तो कधीच काही बोलत नसे म्हणे.

"बाई," तो म्हणाला, "मी मेलो की ही बाज फेकनार हायत हे. माझ्या हातानं इनलेली हाय, अजून एक सुतळी ढिली न्हाई. तेवढी ठिऊन घ्याल का?"

"बाबा, काय बोलायलाव तुमी!" घरमालक ओरडला.

"तुला न्हाई इचारलं. बाईला इचारायलोय."

बाईंनी बसल्या जागेवरून बाज निरखून पाहिली. "घीन. पन आधी उनात टाकीन. ढेकनं असतील."

"असतील बी," म्हातारा म्हणाला. मग पोराकडे वळून, "जिवंत मानसाची बाज चालती तुला घरात, आन् उद्या चालायची न्हाई. उचल ती गादी. दुसऱ्या टोकाला मी येऊ का?"

त्यानं खरंच उठायचा प्रयत्न केला. तेव्हा घरमालकानंच धावत येऊन गादीचा कोपरा धरला. आम्ही चार कोपरे चौघांनी धरून ती न वाकवता आत नेली. घरमालकिणीनं संध्याकाळभर धुपाचा धूर केला आणि बाईंनी तो आपल्या खोलीतही मागवून घेतला, डास जातात म्हणून. सून सुखरूप बाळंत झाली. पुढे म्हातारा गेला तेव्हा बाज खरंच बाईंच्या खोलीत आली. मी भेटायला गेले तर बाई तिच्यावर बसून वह्या तपासत होत्या. मला मात्र पुन्हा पेटीच.

निवृत्त झाल्यावर बाईंनी घर घेतलं ते मानवतला, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत. सासरच्या लोकांना रोज येता-जाता दिसेल असं. मी तोवर लग्न होऊन परभणीला आले होते. फोन चालायचा. या पावसाळ्यानंतर त्यांना परभणीच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा मी डबा घेऊन जायचे. लोखंडी पलंगावर, रबरी चादरीवर त्या आक्रसून झोपलेल्या असत. कडेला. मला ते बघवत नसे. शेवटी शेवटी बोलणं फार कमी झालं होतं. एक दिवस मला म्हणाल्या, "भाईर ऊन कसं हाय?"

"कडक आहे, बाई."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्या मला शेवटचं बोलल्या ते हेच.

त्या गेल्या आणि दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या भाच्याचा फोन आला. "आत्याचं घर रिकामं करायलोय. तुमी एकदा येऊन जावा." मी गेले तर दाराबाहेर त्यांच्या उश्या, पांघरुणं गाठोड्यात बांधलेली, नदीवर न्यायला. गल्लीतल्या बायका उभ्या. आतल्या खोलीत म्हाताऱ्याची बाज होती आणि भिंतीला टेकून गादी उभी होती. गुंडाळलेली, लुगड्यात शिवलेली, दोरीखाली चिंधीच्या पट्ट्या. टाके वाकडेतिकडे होते. कोपऱ्यात सुतळी ओवलेलं दाभण खोचलेलं.

"दवाखान्यात जायच्या आधी शेजारनीला हाताशी घिऊन बांधली," भाचा म्हणाला. "याला हात लावायचा न्हाई म्हनली. टेम्पो घिऊन ती येईल. ती म्हंजी कोन, ते न्हाई सांगितलं. गल्लीवाले बी तकरार करायलेत. म्हनून म्हनलं तुमाला तरी इचारावं."

मी गादीला हात लावून उभी राहिले आणि ओक्साबोक्शी रडले. मग डोळे पुसले आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. टेम्पो आला तशी आधी बाज चढवली. गादी शेवटी, वर, तिच्यावर काही नाही. टेम्पोवाला मागच्या रस्त्यानं जाऊ का म्हणाला, मी मोंढ्यातून घ्यायला लावला. बाजाराचा दिवस होता, दुपार होती, आणि सगळे बघत होते.

परभणीला आमच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. मानवतची बातमी माझ्या आधी पोचली होती. नवरा त्यांच्या मागे, तोंड पाडून.

"मेलेल्या बाईचं अंथरूण माझ्या घरात यायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "नदीला टाकून ये, मंग आंघोळ करून घरात पाय ठेव."

मी वाद घातला नाही. गादी आधी उतरवून घेतली. कोपऱ्यातलं दाभण काढलं, टाके उसवले, दारातल्या फरशीवर आधी सतरंजी अंथरली, वर गादी पसरली. कडुनिंबाचा पाला झटकला. चपला काढून बाजूला नीट ठेवल्या आणि गादीच्या कडेला बसले. समोरच्या गॅलऱ्यांत माणसं जमायला लागली होती.

"उठ गं बाई, उठ," सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "लोक बघायलेत."

"बघू द्या," मी म्हटलं, आणि कडेवरून सरकून मधोमध बसले.